दोनशे रुपये दंड

बरेच दिवस झाले इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन ब्लॉगर मित्रांनी "शाई संपली का?" असं विचारूनही झालं. संपली नव्हती, पण बसायला निमित्त लागतं. या वेळी निमित्त घरचंच आहे, आणि नातेवाईक मंडळी इथे येऊन गुपचूप वाचून जातात हे मला ठाऊक आहे (काकाजी, नमस्कार!), त्यामुळे ही पोस्ट त्यांच्यासाठीही आहे. जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

तर झालं असं, की भंडाऱ्याच्या आमच्या आत्याला येत्या महिन्यात पंच्याहत्तर पूर्ण होतायत. मोठा कार्यक्रम ठरलाय. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर करायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं, कारण 'पुण्याले राहते, शुद्ध लिहिते' अशी माझी ख्याती. मजकूर झाला. खाली 'विनीत' म्हणून जी नावांची रांग असते, तीही झाली. आत्याने फोनवर सगळी रांग वाचून घेतली आणि म्हणाली, "त्याच्या बाजूले त्या पोराचं नाव नाही टाकलं?"

'तो' म्हणजे तिचा धाकटा मुलगा, माझा आतेभाऊ. आणि 'तो पोरगा' म्हणजे ज्याच्याबरोबर आतेभाऊ मुंबईत बारा वर्षं संसार करतोय तो. पन्नाशीचा पोरगा! मी जरा चाचरलो. तर आत्या म्हणते, "बारा वर्षं झाले. मी मेल्यावर टाकशीन का?"

मी नाव टाकलं आणि मजकूर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवला. मग जे व्हायचं ते झालं. भांडण नाही, आमच्याकडे भांडणं होत नाहीत. सगळे गप्प झाले, आणि मग एकेक खासगी मेसेज यायला लागले. सगळ्यांचा सूर एकच. घरात येऊ दे, जेवू दे, आम्हाला काही नाही, पण छापायचं कशाला?

हा "छापायचं कशाला" मला फार ओळखीचा वाटला. तो कुठे ऐकला होता ते आठवलं आणि मग हे सगळं लिहायला घेतलं.

२०१७ साली अतुल पेठ्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं नाटक केलं, अजित दळवींनी लिहिलेलं. र. धों. कर्व्यांवर चाललेल्या खटल्यांचं नाटक. मी आणि आतेभाऊ ते बघायला गेलो होतो. कर्वे माहीत नसतील असे वाचक इथे बहुधा नाहीत, तरी थोडक्यात सांगतो. रघुनाथ धोंडो कर्वे म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. ते ज्या कॉलेजात शिकवत होते त्यांना हे पटेना, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, केंद्र सोडलं नाही. जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. सव्वीस वर्षं, पदरचे पैसे घालून. बायको मालतीबाई पाठीशी ठाम उभ्या. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' (२००१) ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सगळं डोळ्यांपुढे येईल.

त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. पहिला १९३१ मध्ये, 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून. त्यात शंभर रुपये दंड झाला. पण मला बोलायचंय ते पुढच्या खटल्याबद्दल. डिसेंबर १९३३ च्या अंकात कर्व्यांनी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. प्रश्न होते हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल. १९३४ च्या फेब्रुवारीत त्यांना अटक झाली. आणि या वेळी त्यांचं वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांनी.

जरा तो काळ आठवा. गोलमेज परिषदा होऊन गेलेल्या, पुणे करार होऊन दीड वर्ष झालेलं, नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह अजून चालूच. येवल्याची घोषणा पुढच्या वर्षीची. आधीच निम्मा देश ज्याच्यावर डोळे वटारून बसलाय, त्या माणसाने आणखी एक बदनामीचं लचांड गळ्यात का घ्यावं? तेही असल्या विषयाचं, ज्याचं नाव सभ्य घरात निघत नव्हतं. त्यातून राजकीय फायदा शून्य.

न्यायाधीशांचा प्रश्न साधारण असा होता, की असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, आणि कोणी विचारले तरी उत्तर द्यायचंच कशाला? (सापडला का काकाजी, तुमचा मेसेज?) बाबासाहेबांचं म्हणणं असं, की मासिक लैंगिक विषयाला वाहिलेलं आहे, वाचक त्यातलेच प्रश्न विचारणार, आणि संपादकाने उत्तर द्यायचं नसेल तर मासिक बंद करावं. आणि विकृती म्हणायची तर ती ज्ञानाशिवाय कशाने जाईल? मग त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचं काम पुढे केलं. काही माणसांची ओढ जन्मतःच समलिंगी असते, तर त्यात त्यांचं काही चुकतं असं मानायचं कारण नाही, त्यांना त्यांच्या पद्धतीने सुख मिळवण्याचा हक्क आहे, असा तो युक्तिवाद.

१९३४ साल. मुंबईचं न्यायालय. मी नाटकात हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

ते खटला हरले. दोनशे रुपये दंड झाला.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. हल्ली यावरून लोक 'बाबासाहेब समलिंगी हक्कांचे पहिले पुरस्कर्ते' वगैरे लिहितात, तसं एकदम उडी मारून लिहू नये असं माझं मत. खटला अश्लीलतेचा होता. कर्व्यांची मूळ लढाई संततिनियमनाची आणि बाईच्या स्वतःच्या शरीरावरच्या हक्काची. (त्याच विषयावरचा ठराव पुढे १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या वतीने मुंबईच्या विधिमंडळात आला, तोही नापास झाला.) समलिंगी लोकांसाठी चळवळ करायला दोघेही निघाले नव्हते. एका माणसाने प्रश्न विचारला, दुसऱ्याने उत्तर दिलं, आणि उत्तर देणाऱ्याला पकडल्यावर तिसरा त्याच्या बाजूने उभा राहिला. एवढंच घडलं. पण एवढं तरी किती वेळा घडतं?

नाटक संपलं, आम्ही बाहेर चहा पीत होतो. मी आपला कर्वे आणि बाबासाहेब करत होतो. आतेभाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पत्र लिहिणारा कोण असेल रे तो?"

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दोन मोठी माणसं मला दिसली. तिसरा माणूस, ज्याच्या प्रश्नामुळे हे सगळं घडलं, तो मला दिसलाच नाही. कुठल्या गावचा, काय करणारा, लग्न झालेला की न झालेला? त्याने घरचे झोपल्यावर कंदिलाच्या उजेडात ते पत्र लिहिलं असेल, स्वतः पोस्टात टाकलं असेल, मग महिनाभर अंकाची वाट पाहिली असेल. उत्तर आलं. आणि मग एक दिवस बातमी, की उत्तर देणाऱ्यालाच अटक! त्याला काय वाटलं असेल? 'मी आहे तो' म्हणून कोर्टात येणं त्याला शक्यच नव्हतं. भारतीय दंडविधानाचं ३७७ कलम १८६० पासून होतं. तो आला असता तर थेट गुन्हेगारच. कर्व्यांना नाव छापता येत होतं म्हणून त्यांनी छापलं, आणि त्या नावावर समन्स आलं.

नंतर एलिसबद्दल वाचलं तेव्हा आणखी एक गंमत कळली (गंमत कसली, पण असो). एलिसचं या विषयावरचं पुस्तक, 'सेक्शुअल इन्व्हर्जन', त्याने एकट्याने केलेलं नाही. जॉन अ‍ॅडिंग्टन सिमंड्स हा इंग्रज लेखक त्याचा जोडीदार होता. सिमंड्स लग्न झालेला, मुलींचा बाप, आणि पुरुषांवर प्रेम करणारा. दोघांची प्रत्यक्ष भेट झालीच नाही, सगळं काम पत्रांतून. १८९३ मध्ये सिमंड्स वारला. १८९७ मध्ये इंग्रजी पुस्तक आलं, दोघांच्या नावाने. तर सिमंड्सच्या मागे त्याचे कागदपत्र सांभाळणाऱ्या मित्राने छापलेल्या प्रती विकत घेऊन टाकल्या, आणि पुढच्या आवृत्तीतून त्याचं नाव गेलं. ते नाव उतरवल्यावरही १८९८ मध्ये पुस्तक विकणाऱ्याला अटक झालीच. म्हणजे १९३४ मध्ये बाबासाहेबांनी कोर्टात ज्या एलिसचा आधार घेतला, त्याच्या त्या कामातही एक नाव काढून टाकलेला माणूस बसलेला होता. त्याचाही दोष काय, तर घरच्यांना वाटलं, छापायचं कशाला!

आता भंडाऱ्याकडे येतो. आबाजींशिवाय ही गोष्ट माझ्याकडून पुरी होणार नाही.

आमचे आबाजी (आत्याचे वडील, माझे आजोबा) प्राथमिक शाळेत मास्तर होते. १९५४ साली भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक झाली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येकाला दोन मतं. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनकडून स्वतः डॉ. आंबेडकर उभे होते. १९५२ ला मुंबईत हरलेले, आता भंडाऱ्यात. समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले, आणि बाबासाहेब आठ हजारांच्या वर मतांनी पडले. ज्याने घटना लिहिली त्याला भंडाऱ्याने घरी पाठवलं.

आबाजी ही गोष्ट आयुष्यभर सांगत. सभेला गेले होते, भाषण ऐकून भारावले होते, आणि मत दिलं बैलजोडीला. कारण शाळेत, गावात, घरात सगळेच बैलजोडीला देत होते. "बाबासाहेबाले पाडलं त्याच्यात माह्यंही एक मत होतं," असं म्हणायचे. कोणी विचारत नसताना म्हणायचे. माझ्या लहानपणी मला हे कंटाळवाणं वाटे. मतपेटीत टाकलेल्या चिठ्ठीचं काय एवढं घेऊन बसायचं? कोणी पाहिलं होतं?

मग १९९९ चा एप्रिल आला. घरात सगळीकडे चर्चा एकच, पुढच्या महिन्यात गोंदिया वेगळा जिल्हा होणार. आणि दुसरी चर्चा आतेभावाच्या लग्नाची. मुलगी बघून झाली होती, साक्षगंधाची तारीख निघाली होती. एका संध्याकाळी तो मला वैनगंगेच्या पुलाकडे घेऊन गेला आणि त्याने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं, तो मी. लहानपणी गावात खडी गंमत यायची, त्यात लुगडं नेसून नाचणारा नाच्या असायचा, आणि आतेभावाला त्यावरून पोरं चिडवायची. त्या पोरांत मीही होतो. तरी त्याने मलाच निवडलं. मी काय म्हणालो ते अजून शब्दन्‌शब्द आठवतं. "लगन झालं का होते सगळं बराबर."

साक्षगंधाला दोन दिवस असताना तो घरातून निघून गेला. मुलीकडची माणसं आली. त्यांचा संताप खोटा नव्हता, त्या मुलीचा तर यात काहीच दोष नव्हता आणि गावभर बोलणी तिलाही बसली. ओसरीवर सगळे बसलेले. आत्या आत रडत होती. मामाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुले काही बोलला का तो?" मी म्हणालो, "मले काही मालूम नाही."

आबाजी कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होते. त्यांना काही कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मामाजी सात वर्षांनी गेले. मुलगा का निघून गेला हे त्यांना मी सांगू शकलो असतो आणि सांगितलं नाही. ते इतकंच धरून बसले, की मुलाला बापाची लाज वाटली म्हणून तो गेला.

असो.

आतेभाऊ मुंबईत गेला. वाकोल्याला महापालिकेच्या एका इमारतीत हमसफर ट्रस्टचं केंद्र होतं, तिथे जायला लागला. हमसफर १९९४ ची. त्याआधी १९९० मध्ये अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' काढलं. आता बघा, सरकारी कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या लोकांची संस्था आणि पालिकेची इमारत! कुठल्या तरी टेबलामागच्या माणसाने ती फाइल पुढे सरकवलीच असणार. मला अशा सह्या करणाऱ्यांबद्दल फार कुतूहल आहे. त्यांची नावं कुठे येत नाहीत.

पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिऱ्यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मग मराठीत लिहायला घेतलं. त्यांचं 'पार्टनर' आतेभावाने मला पोस्टाने पाठवलं होतं, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. मी ते ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून जेवणाच्या सुट्टीत वाचलं. घरी नेण्याची हिंमत नव्हती. पुस्तक वाचायलासुद्धा लपावं लागतं हे मला वयाच्या तिशीत कळलं, त्याला बहुधा दहाव्या वर्षीच कळलं असेल.

कोर्टाची गोष्ट पुढे फार विलक्षण वळणाने गेली, आणि त्यात मला पुन्हा तेच दिसतं, की नाव कोणाचं? ३७७ विरुद्ध पहिला अर्ज दिल्लीच्या एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाने १९९४ मध्ये केला. निमित्त तिहार तुरुंगात कंडोम द्यायला झालेल्या नकाराचं. तो अर्ज तसाच पडून गेला. २००१ मध्ये नाझ फाउंडेशनने याचिका केली. अंजली गोपालन यांची ही संस्था एचआयव्हीवर काम करणारी. वकील लॉयर्स कलेक्टिव्हचे. याचिका संस्थेच्या नावाने, कारण समलिंगी माणसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा म्हणजे शपथेवर गुन्हा कबूल करायचा!

आणि २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती फेटाळली. का? तर या कायद्याने नाझचं स्वतःचं काही बिघडलेलं नाही, मग तुम्ही कोण? ज्याचं बिघडलंय तो येऊ शकत नाही, आणि जो येऊ शकतो त्याचं काही बिघडलेलं नाही. यातून बाहेर कसं पडायचं? सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याचिका परत पाठवली, ऐका म्हणाले. त्याच वर्षी 'व्हॉइसेस अगेन्स्ट ३७७' ही मंडळी खटल्यात आली. स्त्रियांच्या संघटना, बालहक्कवाले, मानवी हक्कवाले आणि समलिंगी गट, सगळे एका मोटेत. त्यांनी प्रत्यक्ष त्रास भोगलेल्यांचे अनुभव कोर्टापुढे ठेवले. म्हणजे पत्र लिहिणारा माणूस अखेर कोर्टात आला, एकटा नाही, चारचौघांना बरोबर घेऊन.

२ जुलै २००९ ला निकाल लागला. न्या. अजित प्रकाश शहा (आपल्या सोलापूरचे) आणि न्या. मुरलीधर. त्या निकालात त्यांनी आधार घेतला घटनासमितीतल्या आंबेडकरांचा. समाजाची नीती वेगळी आणि संविधानाची नीती वेगळी, हा त्यांचा मुद्दा. १९३४ मध्ये ज्याचा युक्तिवाद ऐकून न घेता दंड केला, त्याच्याच शब्दांनी पंच्याहत्तर वर्षांनी दार उघडलं. आबाजी तेव्हा नव्हते. असते तर मी त्यांना हे वाचून दाखवलं असतं.

मग अपिलं झाली, आणि सर्वोच्च न्यायालयात एक नवीनच अर्ज आला, आईबापांचा. समलिंगी मुलामुलींच्या एकोणीस पालकांनी सांगितलं, की या कायद्याने आमचं कुटुंब मोडतं, आमचंही ऐका. त्यात आपल्या चित्रा पालेकर होत्या, मराठी रंगभूमी-सिनेमातल्या. त्यांनी मुलीबद्दल उघडपणे, नावानिशी बोलायला सुरुवात केली तेव्हा मराठीत असं बोलणारी आई विरळा. पुढे २०१७ मध्ये मुंबईत 'स्वीकार' ही पालकांची संघटना झाली, त्यातही त्या आहेत. २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००९ चा निकाल उलटवला. पालकांचा अर्जही हरला. त्या रात्री आतेभावाचा फोन आला होता. म्हणाला, "आजपासून मी पुन्हा गुन्हेगार." मी काहीतरी समजुतीचं बोललो.

२०१६ मध्ये नवतेज जोहर आणि आणखी चौघांनी स्वतःच्या नावाने याचिका केली. आम्ही समलिंगी आहोत, हा आमचा हक्क आहे, ही आमची नावं. ६ सप्टेंबर २०१८ ला पाचही न्यायाधीशांनी एकमताने संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं. पाचांत दोन मराठी माणसं होती, खानविलकर आणि चंद्रचूड, हे आपलं उगाच कौतुक. १ जुलै २०२४ पासून दंडविधानच गेलं, आणि नव्या न्याय संहितेत ३७७ सारखं कलम नाही. लग्नाचा हक्क मात्र मिळाला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार आला आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचारही फेटाळला गेला. म्हणजे आतेभाऊ आणि त्याचा जोडीदार बारा वर्षं एका घरात राहूनही कागदावर एकमेकांचे कोणी नाहीत. गेल्या वर्षी आतेभावाचं ऑपरेशन झालं तेव्हा फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही करायला मी पुण्याहून गेलो. तो पोरगा बाहेर बाकावर बसून होता. रात्रभर जागला तो, सही माझी!

परवा मी आतेभावाला फोन केला. म्हटलं, हे सगळं ब्लॉगवर लिहू का? वैनगंगेवरचंही? तो म्हणाला, "लिही. पण आमची नावं नको. तुझं टाक." मी म्हटलं, आणि कार्डावर? तर हसला. "कार्डावर आईने सांगितलंय, तिथे मी काय बोलू? पण लोक तिलाच बोलतील नं. त्या वयात तिला फोन घ्यायला लागतील." एवढीच त्याची काळजी. आपल्याला कोणी काही म्हणेल याची त्याला आता सवय आहे.

तर काकाजी, मोठ्याई आणि सगळेच, कार्ड काल छापायला गेलं. दोन्ही नावं शेजारी-शेजारी आहेत, जशी बाकीच्या जोड्यांची आहेत. त्यात एक छोटा बदल मी कोणाला न विचारता केलाय. संपर्कासाठी खाली आत्याच्या घरचा नंबर होता, तो काढून माझं नाव आणि नंबर टाकलाय. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी मला फोन करावा. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो. आणि भंडाऱ्याला येणाऱ्यांनी दोन दिवस आधी कळवा, गाड्यांची सोय नागपूरहून करतोय.